खाडीतले ३४ अंश आणि समुद्रातला एक अंश

ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर दर रविवारी दुपारी दोन वाजता तो जेट्टीच्या पायरीवरून खाडीत थर्मामीटर सोडतो आणि आकडा वहीत लिहितो. एप्रिल-मेमध्ये त्याला ३४ अंशांपर्यंत आकडे मिळाले. त्याच दिवसांत मोबाइलवरच्या उपग्रहाच्या नकाशात मुंबईसमोरचा समुद्र ३० अंश दिसत होता. त्याचं म्हणणं असं: ‘म्हणजे आपली खाडी समुद्रापेक्षा चार अंश जास्त तापली. बापूस सांगतो, पूर्वी एका भरतीला पाटीभर कोळंबी यायची, आता पिशवी भरत नाही. हे तापमानवाढीमुळेच ना?’

आधी तुझ्या वहीला दाद देतो. वर्षभर एकही रविवार न चुकवता पाण्याजवळ जाणं सोपं नाही. आम्हाला त्याचा पगार मिळायचा, तरी आमच्या नोंदींत भोकं असायची. दिवाळीच्या आठवड्यात तर हटकून.

पण ३४ मधून ३० वजा करू नकोस. ते दोन आकडे एकाच पाण्याचे नाहीत.

ठाण्याची खाडी साधारण २६ किलोमीटर लांब. एका टोकाला मुंबई बंदर, दुसऱ्या टोकाला ठाणे, तिथे उल्हासशी जोडणारी अरुंद वाट. वरच्या अंगाला खाडी उथळ आहे, आणि ओहोटीला दोन्ही काठांना मैदानासारखा चिखल उघडा पडतो. मे महिन्यात दुपारी त्या काळ्या चिखलावर अनवाणी पाय ठेवून बघ. दोन-तीन तास उन्हात भाजलेल्या त्या तव्यावरून पाणी सरकतं तेव्हा ते त्याची उष्णता घेऊनच पुढे जातं. जानेवारीत याच्या उलट होतं. पहाटे तोच चिखल गार पडलेला असतो आणि काठाचं पाणी बाहेरच्या समुद्रापेक्षा थंड लागतं. समुद्राचं तापमान वर्षभरात पाच-सहा अंशांत फिरतं. जानेवारी-फेब्रुवारीत पंचवीसच्या आसपास, मेमध्ये तीसच्या आसपास, पावसाळ्यात जरा खाली आणि ऑक्टोबरात पुन्हा थोडं वर. तुझ्या जेट्टीवरचं पाणी तेवढं अंतर कधीकधी एका दिवसात कापतं.

मी असं पाहिलेलं आहे. वाशीच्या पुलाजवळ एप्रिलमध्ये होडीवर होतो. भरतीच्या ऐन पाण्याला बालदी टाकली तेव्हा थर्मामीटरने ३० च्या आतला आकडा दाखवला. ओहोटी संपत आली तेव्हा होडी त्याच खांबाला बांधलेली होती, बालदी तीच होती, आणि आकडा तीन अंशांनी वर गेला होता. बरोबरचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, हसला. त्याने पाण्यात हात घातला आणि म्हणाला, ‘साहेब, हे चिखलाचं पाणी. मघाचं होतं ते दर्याचं.’ आमच्या अहवालात ही गोष्ट दोन परिच्छेद आणि एक आलेख घालून लिहिली होती. त्याने दोन वाक्यांत सांगितली.

आता तुझ्या ‘दर रविवारी दोन वाजता’ची गंमत. घड्याळ सूर्याप्रमाणे चालतं, भरती चंद्राप्रमाणे. तुझ्या घरात सगळ्यांना ठाऊक असेल की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या सुमारास. हे मुंबई बंदराचं गणित. तुमच्याकडे पाणी पोचायला थोडा उशीर होतो, पण ढोबळमानाने चालतं. मग दुपारी दोन वाजता काय असेल? द्वितीया-तृतीयेला खाडी तुडुंब, दर्याचं पाणी. दशमी-एकादशीला ओहोटी तळाला, आणि तू शेवटच्या पायरीवर उतरून घोट्याएवढं पाणी मोजतोयस. त्यात दशमी म्हणजे भांगाचे दिवस, पाण्याला जोर नाही, तेच पाणी पुन्हा पुन्हा इकडून तिकडे हलतं आणि तापत राहतं. तुझे ३४ चे आकडे ज्या तारखांना आलेत त्यांच्यासमोर पंचांगातून तिथी लिहून बघ. माझा अंदाज आहे की बरेचसे नवमी ते द्वादशीच्या मधले निघतील, आणि सगळ्यांत कमी आकडे द्वितीया-तृतीयेला सापडतील. तसं निघालं तर तू तापमानवाढ मोजलेली नाहीस. तू भरती-ओहोटी थर्मामीटरने मोजलीस. तेही काही वाईट काम नाही.

नकाशाच्या बाजूनेही तेच. ते नकाशे बहुधा पंचवीसेक किलोमीटरच्या चौकोनांचे असतात, काही त्याहून बारीक. तुझी खाडी ऐरोलीपाशी अशा चौकोनात हरवून जाते. अर्धं पाणी आणि अर्धी जमीन असलेला चौकोन गणितातून गाळतात, किंवा शेजारच्या पाण्यावरून भरतात. मोबाइलवर ‘ठाणे’ लिहून जो आकडा येतो तो बहुतेक वेळा बाहेरच्या उघड्या समुद्राचा असतो. शिवाय उष्णता पाहणारा उपग्रह पाण्याची केसाहून पातळ त्वचा पाहतो आणि ढग आले की आंधळा होतो. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत काय परिस्थिती असते ते सांगायला नको. तेव्हाचे नकाशे तरंगती यंत्रं, जहाजं आणि इतर उपग्रह यांचा मेळ घालून भरलेले असतात. नकाशा खोटा नसतो. तो तुझ्या जेट्टीचा नसतो एवढंच.

लांब पल्ल्याचा बदल मोजणं तर त्याहून चिवट काम आहे, आणि त्यात माणसाची फजिती कशी होते ते माझ्यावरूनच सांगतो. मी जिथे नोकरीला होतो तिथे एका वर्षी पाऱ्याचे जुने थर्मामीटर काढून डिजिटल आणले. पुढची दोन वर्षं आमची खाडी सरासरी अर्ध्या अंशाहून जास्त तापलेली. आम्ही खूश. खूश हा शब्द बरा दिसत नाही, पण काहीतरी सापडलं की माणूस होतोच. अहवालाचा मसुदाही मीच लिहिला. मग प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या एका मुलीने दोन्ही थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात शेजारी शेजारी बुडवले. जुना शून्यावर, नवा ०.६ वर. आमची सगळी तापमानवाढ त्या ग्लासात बसली होती. मसुदा फाडला, आणि तेव्हापासून कुणीही तापमानाचा आलेख दाखवला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: मध्ये यंत्र बदललं होतं का?

हा घोळ जगभर मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. पूर्वी जहाजावरून कॅनव्हासची बालदी टाकून पाणी काढत. वर येईपर्यंत वाऱ्याने आणि बाष्पीभवनाने ते थोडं गार होई. पुढे इंजिनाला थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान लिहू लागले, ते थोडं जास्त येई. एक काढून दुसरं लावलं की समुद्र न तापताच आलेख वर. हे फरक दुरुस्त करण्यात लोकांनी आयुष्यं घालवली आहेत. आपल्या मुंबईत अपोलो बंदराला समुद्राची पातळी १८७८ पासून मोजली जाते, जगातल्या जुन्या नोंदींपैकी ती एक. तापमान मात्र असं एका जागी, एका पद्धतीने, इतकी वर्षं कुणी लिहून ठेवलेलं नाही. म्हणून आपण १९६०च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या नोंदी, व्यापारी जहाजांच्या बालद्या, १९८१ पासूनचे उपग्रह आणि गेल्या पंचवीसेक वर्षांतले आर्गो नावाचे तरंगते मापक असं सगळं एकत्र शिवतो.

शिवून झाल्यावर जे दिसतं त्याबद्दल मात्र माझ्या मनात किंतु नाही. उष्ण कटिबंधातला हिंदी महासागर १९५१ ते २०१५ या काळात पृष्ठभागावर सुमारे १ अंशाने तापला. याच काळात जगभरच्या समुद्राची सरासरी वाढ ०.७ अंश होती. म्हणजे आपला समुद्र सरासरीच्या पुढे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलं आहे. एक अंश ऐकायला किरकोळ वाटतो, कारण आपण खोलीतल्या एअर कंडिशनरचे अंश मोजतो. पाण्याला तापवायला हवेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते, आणि इथे अख्ख्या समुद्राचा वरचा थर तापला आहे.

सरासरीपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती उष्णतेच्या लाटांची. समुद्रातही लाट येते, म्हणजे त्या जागी त्या दिवसांत नेहमी असतं त्याहून पाणी फार गरम होतं आणि दिवसेंदिवस तसंच राहतं. १९८२ ते २०१८ या काळात पश्चिम हिंदी महासागरात अशा लाटा दर दशकाला साधारण दीडने वाढत गेल्या. कोल यांच्याच गटाचा अंदाज असा, की विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत वर्षाला सुमारे २० दिवस असणारी ही स्थिती या शतकाच्या अखेरीस २२० ते २५० दिवसांवर जाऊ शकते. सरासरी एक अंशाने सरकली तर मासा सांभाळून घेईल. तीन आठवडे दोन अंश जास्त राहिले तर अंडी आणि पिल्लं सांभाळू शकत नाहीत.

आता तुझ्या बापसाची कोळंबी.

खाडीतला जीव हा काटक जीव आहे. बोय, जिताडा, निवटी, चिंबोरी ही मंडळी वर्षभरात आठ-दहा अंशांचा फरक आणि पावसाळ्यात जवळजवळ गोडं होणारं पाणी सोसत आली आहेत. निवटी तर भाजणाऱ्या चिखलावर उड्या मारते आणि फारच झालं तर बिळात जाते. अशा जिवाला सरासरीचा एक अंश एकट्याने मारत नाही. त्याला मारतो तो प्राणवायूचा तुटवडा, आणि उष्णता त्या तुटवड्याच्या पाठीशी उभी राहते.

गणित साधं आहे. २५ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त साधारण ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहतो. ३० अंशांना ६.२. तेवढ्याच वेळी माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात. ढोबळ नियम असा की दहा अंशांना दुप्पट. जे सांडपाणी खाडीत येतं ते कुजवणारे जिवाणूही उन्हात दुप्पट जोमाने कामाला लागतात आणि तेही तोच प्राणवायू ओढतात. म्हणजे डब्यात चपात्या कमी, आणि खाणारे जास्त आणि जास्त भुकेले. ठाणे-बेलापूर पट्ट्यात साठच्या दशकापासून कारखाने उभे राहिले, १९७० नंतर नवी मुंबई वसली, पलीकडे मुंबई-ठाणे फुगत गेलं, आणि वरच्या अंगाची खाडी पुलांच्या खांबांनी आणि गाळाने आणखी उथळ झाली. तिथलं पाणी समुद्राला जाऊन परत यायला वेळ लागतो. तो सगळा वेळ ते कुजत असतं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर दुपारी दोनला जाऊ नकोस. एप्रिल-मेमध्ये, दशमी-एकादशीच्या भांगात, सूर्य उगवायच्या आधी जा. रात्रभर वनस्पतींनी प्राणवायू तयार केलेला नसतो, सगळ्यांनी फक्त वापरलेला असतो. बोयची पिल्लं पाण्याच्या पापुद्र्याला तोंड लावून उभी दिसतात, सगळी वर तोंड करून, पाऊस पडत असल्यासारखे बारीक बारीक ठिपके. थोड्या वेळाने पूर्वेला उजाडलं आणि भरतीचं पाणी शिरलं की ती खाली जातात. एखाद्या दिवशी भरती उशिरा येते किंवा वरून एखाद्या नाल्यातून काळं पाणी सुटतं, आणि मग सकाळी काठावर पांढऱ्या पोटांची रांग दिसते. लोक फोटो काढतात आणि खाली लिहितात, ‘उष्णतेने मासे मेले.’ जूनच्या पहिल्या जोरदार पावसानंतरही तसेच मासे मरतात, तेव्हा पाणी तर गार झालेलं असतं. तिथे आठ महिने गटारांत साचलेला मळ एकदम खाडीत आलेला असतो.

म्हणून कुणी म्हणालं की खाडीतले मासे ‘ग्लोबल वॉर्मिंग’ने गेले, तर मला थोडा संशय येतो. सांडपाण्याला पत्ता असतो, नाल्याला नंबर असतो, जबाबदार खातं असतं. हवामानबदलाला पत्ता नाही. सगळं त्याच्या नावावर लिहिलं की कुणालाच काही करावं लागत नाही.

बाहेरच्या समुद्रातली गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिथे तापमानाचे हात स्पष्ट दिसतात. २०१४ साली पालघर वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्याकडे उघड्या समुद्राचा जो तुकडा उरला तो उत्तनच्या बाजूचा. तिथली डोळ जाळी खुंटांना बांधलेली असतात, भरती-ओहोटीच्या ओढीने त्यांत जे शिरेल ते शिरेल. बोंबील, मांदेली, जवळा, करंदी. डोळीचा मला फार उपयोग वाटतो तो यासाठी की हे जाळं माशाच्या मागे धावत नाही. एका जागी बसून तिथून कोण जातं त्याची हजेरी घेतं. इतर बोटींच्या मासळीचा आकडा वाढला तर मासे वाढले की इंजिनाचा दम वाढला, हे कळत नाही.

बोंबील हा उत्तरेचा मासा. गुजरात आणि उत्तर महाराष्ट्राचा किनारा हे त्याचं घर, पार पलीकडे बंगालच्या बाजूला दुसरं. तारली दक्षिणेची. पूर्वी ती मुख्यत्वे केरळ-कर्नाटकाच्या पट्ट्यात असायची. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून ती उत्तरेला, महाराष्ट्र-गुजरातकडे आणि पूर्व किनाऱ्यालाही दिसू लागली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या लोकांनी हे सरकणं समुद्र तापण्याशी जोडून दाखवलं. आता ठाण्याच्या बाजारातही तारलीचा वाटा दिसतो आणि गिऱ्हाईक विचारतं, हा पेडवा का? माशाने पत्ता बदलणं हा तापमानाचा सगळ्यांत विश्वासार्ह ठसा. कुणी जाळ्याने किंवा गटाराने मासा उत्तरेला ढकलत नाही.

तरीही सावध राहा, कारण तारली चंचल आहे. केरळात २०१२ साली ती जवळपास ४ लाख टन मिळाली आणि २०२१ साली साडेतीन हजार टनांच्याही आत आली. एवढी पडझड सरळ रेषेत तापणाऱ्या समुद्राने होत नाही. एल निन्यो (प्रशांत महासागराचं अधूनमधून तापणं), पावसाचं मान, लहान तारली मारणं, सगळं त्यात आलं. दहा वर्षांचा आलेख बघून तारलीबद्दल भाकीत करणाऱ्याकडून मी उसने पैसे घेईन, त्याला देणार नाही.

बांगडा दुसरी युक्ती करतो. तो वरच्या थरातला मासा, पण तळाला घासत जाणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यांत त्याचं प्रमाण वाढत गेलं. वर गरम झालं म्हणून तो खाली उतरला, असा त्याचा अर्थ लावला जातो. राणी माशाने वेळ बदलली. चेन्नईच्या किनाऱ्यावर ऐंशीच्या दशकात तो काही प्रमाणात एप्रिल ते सप्टेंबरच्या उष्ण महिन्यांतही अंडी घालायचा. वीस वर्षांनी पाहिलं तर तेही प्रमाण ऑक्टोबर ते मार्चच्या गार महिन्यांकडे गेलं होतं. आपल्याकडची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, तिथी नव्हे तर तारीख धरून. मासा कॅलेंडर वाचत नाही. त्याने वेळ बदलली तर बंदीचे दिवसही पुन्हा तपासावे लागतील, आणि त्यासाठी प्रत्येक जातीच्या माद्यांची पोटं महिन्यामहिन्याला उघडून पाहावी लागतात. कंटाळवाणं काम आहे, म्हणून कुणी करत नाही.

अन्नाचं काय? समुद्राचा वरचा थर तापला की तो हलका होतो आणि खालच्या गार, पोषक पाण्यावर लोणच्यावरच्या तेलासारखा तरंगत राहतो. खालचं खत वर येत नाही, वर ऊन असून शेवाळं उगवत नाही. पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, काही भागांत २० टक्क्यांपर्यंत घटल्याचं २०१६ च्या अभ्यासात मांडलं गेलं. मात्र हे बाहेरचं, खोल समुद्राचं चित्र. मुंबई-ठाण्यापाशी उधाणाची भरती चार-साडेचार मीटर चढते आणि पाणी ढवळून काढते, शिवाय शहराचं सांडपाणी नको तितकं खत पुरवतं. म्हणजे बाहेर उपास, आत अजीर्ण. फ्लेमिंगो याच अजीर्णावर जगतात. त्यांना लागणारं निळं-हिरवं शेवाळ या पाण्यात माजतं. ते लाखाच्या घरात येतात म्हणून खाडी निरोगी आहे, असा निष्कर्ष काढू नकोस. २०२२ साली खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाली ही चांगलीच गोष्ट झाली, पण तो दर्जा प्राणवायू मोजून मिळत नाही.

काही गोष्टी मात्र तापमानाच्या खात्यावर अजिबात टाकू नयेत. घोळ मासा घे. २०२१ साली पालघरच्या मुरब्यात एका बोटीला १५७ घोळ मिळाले आणि त्यांचे १ कोटी ३३ लाख आले, ही बातमी तुझ्या घरीही चघळली गेली असेल. त्याच्या भोताला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, असा भाव असेल तर घोळ नाहीसा व्हायला समुद्र तापायची गरज नाही. पापलेटचंही तेच. २०२३ मध्ये त्याला राज्यमासा केलं, आणि बाजारात तळहाताएवढी पिल्लं विकायला होतीच. ज्या पिल्लाने एकदाही अंडी घातली नाहीत ते तव्यावर गेलं, तर पुढच्या वर्षी थर्मामीटर काय सांगतो याने फरक पडत नाही.

वादळं मात्र खात्यावर धर. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते तू पाहिलंस. गरम अरबी समुद्र वादळाला खाद्य पुरवतो. मोठी वादळं सोड, नुसत्या इशाऱ्यांनी बोटी किती दिवस धक्क्याला बांधलेल्या राहिल्या ते कुणी मोजत नाही. मासा असून मिळाला नाही, हेही ‘मासे कमी झाले’ मध्येच जमा होतं.

आता वही कशी चालवायची ते सांगतो. रविवार सोड, तिथी धर. महिन्यातून चार वेळा पुरे: पौर्णिमा, अमावस्या आणि दोन्ही अष्टम्या. प्रत्येक वेळी भरती पूर्ण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत मोज, आणि तेव्हा घड्याळात काय वाजलंय तेही लिही. पौर्णिमेला ऐन दुपारी, अष्टमीला संध्याकाळी असा फरक राहणारच, म्हणून उधाणाचे आकडे उधाणाशी आणि भांगाचे भांगाशी ताड, एकमेकांत मिसळू नकोस. पायरीवरून नको. होडीने मधल्या प्रवाहात जा, बालदी अर्धा मीटर बुडव, सावलीत ठेव आणि मिनिटाच्या आत वाच. शेजारी खारेपणा लिही. खारेपणा सांगतो की पाणी दर्याचं आहे की वरून आलेलं, म्हणजे त्या तांडेलाच्या हाताचं काम तो करतो. जमलं तर कॉलेजातून प्राणवायू मोजायचं यंत्र माग आणि उन्हाळ्याच्या भांगात पहाटे दोन-चार वेळा लाव. मला विचारशील तर तुझ्या प्रकल्पातले सगळ्यांत मोलाचे आकडे ते असतील.

आणि बापसाला सोबत घे. त्यांची पाटी मला हवी आहे, पण नुसती पाटी नको. जाळं कोणतं, किती वेळ लावलं, आळीत त्या दिवशी किती जणांनी लावलं? पूर्वी पाच जण जात होते आणि आता तीस जात असतील तर पिशवीचा अर्थ वेगळा होतो. काय गेलं यापेक्षा काय नवीन आलं ते आधी विचार. गेलेल्या माशाबद्दल प्रत्येकाची आठवण थोडी फुगते, नवीन आलेला मासा मात्र माणसाला नेमका आठवतो, कारण त्याला नाव काय द्यायचं यावर धक्क्यावर भांडण झालेलं असतं. कोळंबीची लांबी मोज. तेवढ्याच वजनात पूर्वी किती नग बसत आणि आता किती, हे तुझ्या आईला तुझ्या बापसापेक्षा जास्त नीट ठाऊक असणार, कारण विकायला ती बसते.

शेवटचं काम आजच करून टाक. थर्मॉसमध्ये चुरलेला बर्फ घाल, वर थोडंसं प्यायचं पाणी, आणि थर्मामीटर दहा मिनिटं त्यात राहू दे. मासळीच्या पेटीतला बर्फ घेऊ नकोस, त्याला खारं पाणी लागलेलं असतं आणि खाऱ्या पाण्यातला बर्फ शून्याच्या खाली जातो. काटा शून्यावर आला तर ठीक. नाही आला तर जो आकडा दिसेल तो वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिही, आणि मग मागच्या सगळ्या पानांवर तिथ्या घालून मला दाखव.